मनमिळाऊ सोडून बोला

सीवूड्सच्या या सोसायटीत मी राहायला आले, त्या दिवशी लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले. माझ्या एका हातात देवांचा डबा होता, दुसऱ्या हातात मिक्सर. त्यांनी आधी मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मालक की भाडेकरू?”

“मालक.”

“म्हणजे बरीच वर्षं राहणार. मग तुम्ही गेल्यावर खाली बोर्डावर काय लिहायचं?”

मला वाटलं, कुरिअरवाल्यांसाठी काही व्यवस्था असेल. मोठ्या सोसायट्यांमध्ये हल्ली काय काय सोयी असतात. मी म्हटलं, “लिहा, ऑफिसला गेल्यात, साडेसातला येतील.”

“तशा गेल्यावर नाही,” ते शांतपणे म्हणाले. “कायमच्या.”

अजून नव्या घरात दूध उतू गेलं नव्हतं आणि हे गृहस्थ माझं पुढचं सगळं उरकत होते. गोंधळून मी म्हटलं, “कर्तव्यदक्ष?”

“मोघम,” ते म्हणाले आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेले.

हे टिपणीसकाका. आडनाव इतकं चपखल बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ते एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. माल तपासायचा आणि ड्रमवर लेबल लावायचं. पिवळं म्हणजे तपासणी चालू, हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. निवृत्तीच्या वेळी कंपनी भिंतीवरचं घड्याळ देत होती. काकांनी ते तपासून परत केलं आणि त्याऐवजी लेबलांची उरलेली रिळं मागून घेतली. तेव्हापासून आमची सोसायटी तपासणीखाली आहे.

त्यांच्या घरात चहाच्या डब्यावर हिरवं लेबल आहे आणि टीव्हीच्या रिमोटवर लाल. शेजारच्या एका लग्नाची पत्रिका आली, तेव्हा तिच्यावर त्यांनी पिवळं लावून ठेवलं होतं. दोन वर्षांनी ते जोडपं वेगळं झालं. सगळे हळहळत असताना काका म्हणाले, “मी हिरवं दिलंच नव्हतं.” अशा माणसाला लोक आपल्या घरच्या कार्याला का बोलावतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण बोलावतात, आणि मग तो निघेपर्यंत त्याच्या खिशाकडे बघत बसतात.

आयुष्याबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता. तो त्यांनी मला गच्चीवर पापड वाळत घालताना ऐकवला, म्हणजे मला पळता येत नव्हतं. “हे बघा शिंदे मॅडम, अख्खा ड्रम कोणी पीत नाही. पन्नास ग्रॅम सॅम्पल काढतात, त्यावरून ड्रमचं कळतं. माणसाचंही तेच. आयुष्यातून एक ओळ काढायची. खरी निघाली की माणूस पास. आणि पास झालेल्या प्रत्येक मालाची एक बाटली कपाटात जपून ठेवायची. पुढे कधी कोणी विचारलं, तर दाखवायला. नियम आहे तसा.”

“आणि ओळ निघालीच नाही तर?”

“निघते. तपासणारा आळशी असतो.”

या ओळींची त्यांच्याकडे एक फाईल होती. दर फ्लॅटचा एक कागद, त्यावर नाव आणि नावाखाली एक ओळ. माणसं हयात असताना त्यांच्या श्रद्धांजल्या तयार ठेवणारी आमची नवी मुंबईतली पहिलीच सोसायटी असावी. माझा कागदही त्यात होता, अर्थात पिवळा. पण फाईलमध्ये सगळ्यात वर एक वेगळा कागद असायचा. त्याच्यावर ‘शैला’ एवढंच लिहिलेलं, खाली कोरं, कोपऱ्यात पिवळं लेबल. ही त्यांची बायको. मी इथे यायच्या आधीच वारलेली. सगळ्या सोसायटीची ओळ काढणाऱ्या माणसाला घरची ओळ काही सापडत नव्हती. मला त्याची गंमत वाटायची, आणि ती मी दोन-चार मैत्रिणींना रंगवून सांगितलीही होती.

आता माझा आणि या प्रकरणाचा संबंध. मी बेलापूरला एका कार्यालयात पत्रांचे मसुदे करते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे मी झोपेतही म्हणू शकते. आमचे सेक्रेटरी यादवसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, “मॅडम, आपल्या बोर्डाचं मराठी तुमी घ्या बगा. आमचं म्हंजे रांगडं.” बोर्डावर दोनच प्रकारच्या सूचना लागतात. पाणी बंद आणि माणूस बंद. दोन्हींचे मसुदे मी तयार करून ठेवले. दुसऱ्यात फक्त नाव बदलायचं. ‘अत्यंत मनमिळाऊ, परोपकारी व हसतमुख व्यक्तिमत्त्वाचे धनी कै. अमुक अमुक यांच्या जाण्याने सोसायटीत कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ मला स्वतःला तो मसुदा चांगला वाटत होता.

पहिल्यांदा तो वापरायची वेळ आली गोरेकाकांच्या वेळी. सकाळी बोर्डावर लावला आणि अर्ध्या तासात टिपणीसकाका माझ्या दारात. कागद त्यांच्या हातात, कागदावर लाल लेबल.

“मनमिळाऊ कोण?”

“गोरेकाका.”

“पार्किंगवरून त्यांनी सगळ्या सोसायटीशी भांडण केलंय. तुमच्या स्कूटरची हवा कोणी सोडली होती?”

“अहो, पण गेलेल्या माणसाबद्दल...”

“गेलेला माणूस म्हणून तर नीट लिहायला पाहिजे. तो आता दुरुस्ती करायला येणार नाही. मनमिळाऊ सोडून बोला.”

मला राग आला. मी दार लावून घेतलं. काका मात्र दिवसभर वॉचमनपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना विचारत फिरले. संध्याकाळी बोर्डावर त्यांच्या हस्ताक्षरात कागद लागला. ‘गोरे यांनी अकरा वर्षं रोज सकाळी पाण्याची मोटर चालू केली. एकदाही विसरले नाहीत. आपण आंघोळी केल्या.’ लोक थांबून वाचत होते. गोरेकाकू खाली आल्या, त्यांनी वाचलं, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि वर गेल्या. माझ्या मसुद्याचा फोटो आजवर कोणी काढलेला नाही, हे मी इथे निव्वळ माहितीसाठी नमूद करते.

एवढ्या यशावर माणसानं थांबावं. पण काका थांबणाऱ्यांतले नव्हते. आमच्याकडे सातव्या मजल्यावर एक लाइफ कोच राहतात. ते दर महिन्याला क्लब हाऊसमध्ये ‘अर्थपूर्ण आयुष्याची सात पावलं’ शिकवतात. आम्ही सगळे जातो, कारण शेवटी समोसे असतात. त्या दिवशी काका पहिल्या रांगेत. पाचव्या पावलाला त्यांनी हात वर केला.

“तुमच्यावर काय लिहायचं?”

कोच तयारच होते. “लिहा, हजारो लोकांच्या आयुष्यात परिवर्तन घडवलं.”

“त्यातल्या एकाचं नाव सांगा.”

कोचनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं समोशांकडे पाहिलं. काका खिशातून रीळ काढायला लागले, तसा कार्यक्रम पाचव्या पावलावरच आटोपला. उरलेली दोन पावलं काय होती, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांच्याविना माझं काही अडलेलं नाही.

मग झाली ती चूक. बी विंगमधल्या एका आजोबांचं निधन झालं. यादवसाहेबांनी काकांकडून घाईत कागद मागून घेतला, काकांनी घाईत दिला आणि यादवसाहेबांनी तो न वाचता बोर्डावर लावून वर हार घातला. कागद निघाला कुलकर्णी सरांचा. कुलकर्णी सर हे निवृत्त गणिताचे शिक्षक, तब्येत ठणठणीत. ते सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि स्वतःच्या नावाला हार पाहून उभे राहिले. हारामागे लिहिलं होतं, ‘कुलकर्णी सरांच्या वर्गात नापास झालेली मुलं आजही त्यांना रस्त्यात थांबवून नमस्कार करतात.’

यादवसाहेब पळत आले. “सर, माफी असावी. लई मोठी चूक झाली. काढतो लगेच.”

सरांनी तोपर्यंत ते तीनदा वाचलं होतं. “राहू द्या संध्याकाळपर्यंत,” ते म्हणाले. “मुलगा यायचाय.”

सरांचा मुलगा उलव्याला राहतो. म्हणजे अगदी जवळ, फक्त येणं होत नाही एवढंच. तो संध्याकाळी आला, बोर्ड वाचला, लिफ्टची वाट न बघता पाच मजले चढून गेला, वडिलांना चहा पिताना पाहून चिडला आणि मग जेवायला थांबला. हे सगळं बरं झालं असं मला वाटतं. कमिटीला तसं वाटलं नाही. बी विंगच्या आजोबांचे जावई वकील आहेत. तातडीची सभा झाली आणि टिपणीसकाकांना बोर्डावर काहीही लावायला बंदी झाली. पुढचे सगळे मजकूर मीच लिहायचे, असं ठरलं. माझा मसुदा जिंकला. मी घरी जाऊन शिरा केला.

त्यानंतर आठवड्यानं काका माझ्याकडे आले. फाईल छातीशी धरलेली. बसा म्हटलं तरी बसेनात.

“येत्या रविवारी शैलाला जाऊन पाच वर्षं होतील,” ते म्हणाले. “बोर्डावर दोन ओळी लावायच्यात. यादव म्हणतात, मॅडमनी लिहिलं तरच.”

माझ्या आयुष्यात सूड घ्यायचे प्रसंग फार येत नाहीत. मी तत्परतेनं मसुदा काढला, नाव घातलं आणि मोठ्यांदा वाचून दाखवला. “अत्यंत मनमिळाऊ, परोपकारी व हसतमुख व्यक्तिमत्त्वाच्या धनी कै. शैला टिपणीस...” आणि लाल लेबलाची वाट बघत बसले.

काकांनी लेबल काढलं नाही. ते म्हणाले, “तेव्हाही हेच होतं.”

“कधी?”

“ती गेली तेव्हा. यादव आले, म्हणाले, साहेब, दोन ओळी द्या. मी लिहायला बसलो. चौतीस वर्षांचा संसार. तासभर बसलो आणि ‘मनमिळाऊ’ एवढंच सुचलं. मीच लिहिलंय ते. बोर्डावर तेरा दिवस होतं. जाता-येता वाचत होतो.” त्यांनी फाईलचा कोपरा नखानं खरवडला. “सकाळी सहाची कंपनीची बस. आलो की पेपर, जेवण, झोप. निवृत्तीनंतरही घरात नुसती लेबलं लावली. दिवसभर ती काय करायची, कोणाशी बोलायची, कशाला हसायची, मी कधी सॅम्पलच घेतलं नाही.”

मी माझा मसुदा हळूच उशीखाली सरकवला.

गेल्या पाच वर्षांत त्यांचं सगळ्यांना विचारून झालं होतं. कॅनडातला मुलगा म्हणाला, आई प्रेमळ होती. मेहुणी म्हणाली, ताई सोशिक होती. शेजारी म्हणाले, तोच तो शब्द. सगळ्यांवर लाल. लोकांना लिफ्टमध्ये गाठून त्यांची ओळ विचारणारा हा माणूस खरं तर एकाच ओळीच्या मागे होता, आणि बाकी सगळा सराव होता. हे मला तेव्हा कळलं. मैत्रिणींना सांगितलेली गंमत आठवून मला माझीच लाज वाटली.

“हिराबाईंना विचारलंत?” मी म्हटलं.

“कोण हिराबाई?”

“मासेवाल्या. दिवाळे गावातून येतात. बुधवार, शुक्रवार, रविवार आपल्या गेटबाहेर बसतात. काकू मासे कोणाकडून घ्यायच्या?”

टिपणीसांच्या घरी पाच वर्षं मासळी शिजली नव्हती. त्यांच्यासारख्या मासे खाणाऱ्या घरात ही मोठीच बातमी. सोसायटीत कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे कोलेस्टेरॉल. काका म्हणाले, “मला घेता येत नाही. ती घ्यायची.” मग थोडा विचार करून म्हणाले, “पण त्या सोसायटीच्या सभासद नाहीत.”

“काका, तपासणारा आळशी असतो,” मी म्हटलं. हे बोलून मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना गेटवर घेऊन गेले. हिराबाई कोळंबी सोलत होत्या. काका फाईल उघडून, पेन सरसावून त्यांच्यासमोर उभे राहिले. बघणाऱ्याला वाटलं असतं, महापालिकेचा माणूस पाटी उचलायला आलाय.

“शैला टिपणीस तुमच्याकडे यायच्या. त्यांच्याबद्दल सांगा काहीतरी. मनमिळाऊ सोडून बोला.”

“मनमिलाऊ?” हिराबाईंनी मान वर केली. “कोन, शैलाबाय? मनमिलाऊ नि ती? लय भांडायची. तीन पापलेटांच्या भावात चार मागायची, नि दिला नाय तं इथंच ठान मांडून बसायची. बसली का मंग तुमच्या गोष्टी. आज आमटीला हिरवा लेबल भेटला, आज भाताला लाल. हसून हसून डोल्यातना पानी काडायची नि मना पन हसवायची.”

काकांचं पेन चालू होतं. ‘हसायची’ या शब्दापाशी ते थांबलं.

हिराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “म्हंजे तुमी लेबलवाले. तुमी होतात कुठं? मी पाच वर्सं तुमची वाट बगतंव.”

“माझी? कशासाठी?”

“बाय लय आजारी होती ना, तवा एक दिस खाली आयली. शेवटची. वॉचमनची खुर्ची मागून घेतली नि बसली. मासली नाय घेतली. मना बोलली, हिरा, मी गेल्याव आमचे हे येतील तुज्याकं. सगल्या जगाला तपासतात, पन मासल्यातला त्यांना काय बी कलत नाय. शिला दिलास तरी गुमान घेऊन जातील. त्यांना फसवू नको. ताजा काडून दे, नि कसा बगायचा तो शिकव.” त्यांनी हात पुसले. “मी म्हटलं, येतील, येतील. तुमी आयलातच नाय.”

काकांनी पेन खिशात ठेवलं आणि फाईल मिटून काखेत मारली. 

हिराबाईंनी पाटीतून एक पापलेट काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. “ह्ये बगा. हितं कल्ल्यापाशी दाबायचा. पांडरा पानी आला तं ताजा. लाल आला तं ठेवून द्यायचा. दाबा.”

एकतीस वर्षं हातमोजे घालून तपासणी केलेल्या माणसानं उघड्या अंगठ्यानं ते पापलेट दाबलं. पांढरं पाणी आलं. त्यांनी दुसरं दाबलं, मग तिसरं. गरज नव्हती. फाईल काखेत होती, तिची एक कड पाटीतल्या बर्फाच्या पाण्यात बुडून भिजत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कागदपत्रांची काळजी वाटत नव्हती. मी वॉचमनशी पाणीपुरवठ्याबद्दल काहीतरी बोलायला लागले. मला रडू येत होतं, आणि मासळीच्या पाटीसमोर उभं राहून रडायला मला काही कारण सांगता आलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी ते कागद घेऊन आले. शैलाचं नाव, आणि त्याखालची पाच वर्षं कोरी असलेली जागा भरलेली.

“तपासा. मोघम आहे का बघा.”

मी वाचलं. ‘शैला टिपणीस. ताजं कुठलं, ते तिला कळायचं. मला कळत नाही, हेही तिला कळायचं.’

त्यात कै. नव्हतं, पोकळी नव्हती, व्यक्तिमत्त्वाचं धन नव्हतं. बेलापूरच्या कार्यालयात हा मसुदा पहिल्याच टेबलावर परत आला असता. मी म्हटलं, “पास.”

त्यांनी खिशातून हिरवं लेबल काढून माझ्या हातात दिलं. “तुम्ही लावा. आपल्या मालाला आपणच पास द्यायचं नसतं.” मी लावलं. थोडं वाकडं लागलं. ते त्यांना दिसलं आणि ते काही बोलले नाहीत, यावरून त्यांची मनःस्थिती वाचकांनी ओळखावी. जाताना मात्र दारात वळून म्हणाले, “तुमचं अजून पिवळंच आहे, मॅडम. कर्तव्यदक्ष चालणार नाही.”

रविवारी सकाळी यादवसाहेबांनी बंदी विसरून तो कागद स्वतःच्या हातानं बोर्डावर लावला. लावल्यावर तो वाचला. मग त्यांनी बायकोला फोन करून विचारलं, काय आणू येताना.

मी गेटवर गेले, तेव्हा काका हिराबाईंसमोर उकिडवे बसून पापलेटं दाबत होते. सहा नाकारून दोन निवडली. हिराबाई वैतागल्या होत्या.

“एकल्या मानसाला दोन कशाला?” त्यांनी विचारलं.

“एक ठेवावं लागतं,” काका म्हणाले. पिशवी अंगापासून लांब धरून, कपड्यांना पाणी लागणार नाही अशा बेतानं ते लिफ्टकडे गेले.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “देत जा हो. त्यांच्याकडे तसा नियम आहे.”